टेबलापुरती ओळख

मोक कम-शिंग यांना जन्मात दोन गोष्टींचा तिटकारा होता. एक बंद पडलेली लिफ्ट आणि दुसरा चौकशा करणारा माणूस. पहिलीच्या दुरुस्तीत त्यांची उभी हयात गेली. तो क्वा वान या त्यांच्या भागातल्या जुन्या इमारतींत अशी लिफ्ट शोधून सापडायची नाही, जिच्या पोटात शिरून त्यांनी ग्रीस चोपडलं नसेल. दुसऱ्याला मात्र ते कोपरापासून नमस्कार करत. बायको गेली तेव्हा शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या: कशाने गेली, फार त्रास झाला का, मुलगा आता सोबत राहायला येणार का? या गृहस्थाने त्यांच्या तोंडावर दार लोटून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नेहमीसारखे चहाला गेले.

कारण हिंग वान चहाघरात कोणी कोणाला काही विचारत नसे.

हिंग वान म्हणजे काही राजवाडा नव्हे. छताचे पंखे कुरकुरायचे, भिंतीवरच्या सोनेरी ड्रॅगनचा एक डोळा कधीचाच गळून पडला होता, आणि वाफाळत्या खाण्याने भरलेल्या बांबूच्या करंड्यांची गाडी ढकलत येणारी लिनताई गिऱ्हाइकाच्या पायावरून चाक गेलं तरी "पाय आवरा!" म्हणून त्यालाच दटावायची. जागा कमी आणि माणसं फार, म्हणून अनोळखी माणसांनी एकाच टेबलाशी दाटीवाटीने बसायचं, ही जुनी रीत. तिचे नियम कुठे लिहून लावलेले नव्हते, पण सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. आपली किटली आपली, आपली करंडी आपली, बिल ज्याचं त्याने द्यावं. वर्तमानपत्राची पानं वाटून घ्यावीत. हवा, गुडघे, घोड्यांच्या शर्यती आणि सरकार यांवर वाटेल ते बोलावं. घरचं विचारू नये. नाव तर मुळीच विचारू नये. नाव विचारणारा एक तर विमा विकत असतो, नाहीतर भामटा असतो.

अशाच एका कोपऱ्यातल्या टेबलाशी, मोक यांच्या समोरच्या खुर्चीत, वीसेक वर्षं एक गृहस्थ बसत आले होते. ते काळ्या चहात शेवंतीची वाळलेली फुलं घालून प्यायचे, म्हणून मोक त्यांना शेवंतीराव म्हणत. त्यांनी मोक यांचे 'लिफ्टवाले' करून टाकले होते.

"काय लिफ्टवाले, आज उशीर? मध्येच कुठे अडकला होतात काय?"

"अडकतोय कसला. म्हटलं, तुमचं तोंड जरा उशिरा बघावं."

"बघा, बघा. फुकट आहे तोवर बघून घ्या."

"काल लावलेला घोडा काय म्हणतोय?"

"अजून धावतोय बिचारा. आज संध्याकाळपर्यंत पोचेल."

मोक यांना शेवंतीरावांबद्दल काय ठाऊक नव्हतं? कोंबडीच्या पायाची हाडकं ते तोंडातल्या तोंडात सुटी करतात आणि टेबलावर ओळीने मांडतात. कोथिंबीर दिसली की लहान मुलासारखं तोंड वाकडं करतात. वादळाचा इशारा लागला की डावा खांदा दाबत बसतात. हरलेल्या घोड्याला शिव्या देत नाहीत, त्याच्यावर बसणाऱ्याला देतात. बायको गेल्यानंतरच्या त्या पहिल्या सकाळी मोक खुर्चीत येऊन टेकले, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. शेवंतीरावांनी एक शब्द न बोलता त्यांची वाटी आणि जेवायच्या काड्या आपल्याकडे ओढल्या, रीतीप्रमाणे गरम चहात विसळल्या आणि पुसून परत समोर ठेवल्या. पुढे कित्येक दिवस तेच विसळत राहिले. हात थरथरायचे थांबले, तसं त्यांनीही थांबवलं. त्यावर दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही. माणूस राहतो कुठे, घरी कोण आहे, पोटापाण्यासाठी काय केलं, नाव काय, हे मात्र मोक यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नव्हतं.

एका शनिवारी उठता उठता शेवंतीराव म्हणाले, "लिफ्टवाले, उद्या येणार ना?"

"मी कधी आलो नाही?"

"तसं नव्हे. उद्या साडेनऊला या. सावकाश बसू. उद्याचा चहा माझ्याकडून."

मोक यांचा हात किटलीवरच थबकला. इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणी दुसऱ्याचं बिल दिलं नव्हतं. "का हो, घोडा लागला की काय?"

"लागला असता तर तुमच्यासमोर बसलो असतो होय? या तर खरं. एक विचारायचंय तुम्हाला."

"मग आत्ता विचारा की."

"आत्ता नको. त्याला जरा धीर लागतो," असं म्हणून ते हसले. मग टोपी डोक्यावर ठेवून निघाले.

"येतो!" मोक मागून म्हणाले. "शब्द दिला."

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. मुलगा ची-हांग बायको पुई-यीबरोबर वेगळा राहत होता, मोठ्या कंपनीत होता, वडिलांवर त्याचा जीव होता, आणि प्रेम म्हणजे महागडं जेवण अशी त्याची भाबडी समजूत होती.

"बाबा, उद्या लक्षात आहे ना? नऊला गाडी घेऊन येतो. चिम शा चुईचं हॉटेल, बत्तिसावा मजला. पुई-यीचे आईबाबाही येतायत."

मोक यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं. "उद्या नको रे. पुढच्या रविवारी जाऊ."

"बाबा! तिथलं टेबल मिळायला दोन महिने थांबलोय मी."

"मग तुम्हीच सगळे हिंग वानला या. तिथे काय वाईट असतं?"

"हिंग वानला? पुई-यीच्या आईला? त्यांच्या पायावरून ती गाडी गेली म्हणजे?"

यावर मोक यांनाही हसू आलं. मग ते म्हणाले, "मी एकाला शब्द दिलाय."

"कुणाला?"

"आहे एक मित्र. चहाचा."

"नाव सांगा त्यांचं, नंबर द्या. मीच फोन करून त्यांची माफी मागतो."

मोक फोनची वायर बोटाला गुंडाळू लागले.

"बाबा?"

"नाव नाही माहीत."

ची-हांग मोठ्याने हसला. त्यात वाईट काही नव्हतं. हसू आलं म्हणून हसला. "वीस वर्षं समोर बसता आणि नाव माहीत नाही? हा कसला मित्र, बाबा! असे मित्र मला रोज बसस्टॉपवर भेटतात. परवा सांगा त्यांना, झालं. चहाघर काय पळून जातंय?"

मोक वरमले. ज्या रीतीच्या आडोशाला ते आजवर सुखाने बसले होते, ती मुलाच्या एका हसण्यात अगदी फाटकी दिसू लागली. खरंच, कसला मित्र? आणि नाव नसलेल्या माणसासाठी सख्ख्या मुलाचं मन कसं मोडायचं? "बरं, येतो," ते म्हणाले.

सकाळी सहाला हिंग वानमध्ये जाऊन लिनताईपाशी निरोप ठेवता आला असता. ते गेले नाहीत. शेवंतीराव नेमके लवकर आलेले असले, तर त्यांच्या तोंडावर 'आज मोठ्या हॉटेलात चाललोय' असं सांगणं त्यांच्या जिवावर आलं. दोनदा फोन मात्र केला. पण रविवारी सकाळी हिंग वानचा फोन कोण उचलणार? घंटा वाजत राहिली. मग खाली मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

हॉटेलात इतकी शांतता होती की मोक यांना आपण कुणाला तरी भेटायला इस्पितळात आलोय असं वाटलं. काचेपलीकडे सगळं बंदर पसरलं होतं. सवयीने त्यांनी वाटी उचलली आणि चहाने विसळायला घेतली, तशी कुठून तरी एक पोरगेलासा वाढपी धावला, वाटी घाणेरडी निघाली असं समजून शंभरदा माफी मागत नवी ठेवून गेला. विहीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. चहाची किटली दूर, भिंतीशी. पेला अर्धा झाला की वाढपी पाठीमागून येऊन भरायचा. मोक प्रत्येक वेळी दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे, पण जाड टेबलक्लॉथवर त्या टकटकीचा आवाजच होईना. मग हा-गाव, म्हणजे कोळंबी भरून उकडलेली करंजी आली, एका करंडीत एकच, आणि तिच्या डोक्यावर सोन्याच्या वर्खाचा ठिपका.

"ही खायची, की कपाटात कुलपात ठेवायची?" मोक यांनी विचारलं, आणि व्याही खो खो हसले.

खोटं कशाला बोला, चव उत्तम होती. पारीतून आतली कोळंबी दिसत होती आणि दाताखाली ती कुरकुरत होती. हिंग वानला अशी कधी बनली नसती. आणि मग ची-हांगने बायकोचा हात हातात घेऊन सांगितलं, की उन्हाळ्यात मोक आजोबा होणार. विहीणबाई रडल्या, व्याह्यांनी पुन्हा एकदा चहा मागवला, आणि मोक यांना बायकोची फार आठवण आली. ते सुखात होते. तास-दीड तास शेवंतीरावांची त्यांना आठवणही झाली नाही. पुढे त्यांना जे काही डाचलं, त्यात हे सगळ्यात जास्त डाचलं.

सोमवारी ते आनंदाने तरंगतच हिंग वानमध्ये शिरले. मनाशी सगळं ठरलं होतं: रीत गेली खड्ड्यात, आज शेवंतीरावांना घरची बातमी सांगायची, आणि बिल आपण द्यायचं. समोरची खुर्ची रिकामी होती.

लिनताई गाडी ढकलत आली, आणि आज तिने पायावर चाक घातलं नाही. थांबली.

"काल कुठे होता हो तुम्ही?"

"मुलाबरोबर बाहेर गेलो होतो. का?"

"बारा वाजेपर्यंत बसले होते ते. कोट घालून आले होते. तुमची किटली वेगळी मागवली, तुमच्या खुर्चीसमोर ठेवली. डुकराच्या बरगड्या मागवल्या, तुमच्याच ना त्या? आणि केवढी गर्दी! जो तो येऊन खुर्ची मागतोय, आणि हे सगळ्यांना सांगतायत, 'आहेत, येतायत.' शेवटी मीच म्हटलं, काका, गार झालं सगळं, खाऊन घ्या. तर मला म्हणाले, 'लिनताई, लिफ्टवाल्यांचं नाव काय गं?'"

मोक यांनी टोपी काढून हातात घेतली. "मग?"

"मग काय? मला काय माहीत! तुमचा चहा माहीत आहे मला." ती जरा घुटमळली. "पायाशी पिशवी होती त्यांच्या. वरून टॉवेल दिसत होता. सपाता होत्या, थर्मास होता."

टॉवेल, सपाता आणि थर्मास घेऊन म्हातारा माणूस कुठे निघतो, हे इथे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. मोक तसेच उठले. भागातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन खिडकीपाशी उभे राहिले.

"पेशंटचं नाव?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"नाव... ते शेवंतीचा चहा घेतात. माझ्याएवढेच असतील. टोपी घालतात. कोथिंबीर खात नाहीत."

मुलगी स्वभावाने चांगली होती. हसली नाही. "आजोबा, नावाशिवाय मी कशी शोधू हो? आणि नात्याने तुम्ही त्यांचे कोण?"

मोक खिडकीपासून बाजूला झाले. भेटीच्या वेळेत ते वॉर्डावॉर्डांतून फिरले, खाटांवरची झोपलेली तोंडं बघत, तोवर एका नर्सने त्यांना दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या इस्पितळात गेले. काय विचारायचं असेल त्यांना? 'मला सोबत याल का?' 'बाहेर आल्यावर घ्यायला याल का?' 'नाहीच आलो तर कुणाला तरी कळवाल का?' यातलं काहीही असतं तरी मोक हो म्हणाले असते. हो म्हणायला तेवढं समोर असायला हवं होतं.

ची-हांगला त्यांनी सांगितलं तेव्हा तो हसला नाही. मग म्हणाला, "बाबा, मला काय माहीत..." "तुझं काही चुकलं नाही," मोक म्हणाले, आणि ते खरंच होतं. जायचं ठरवलं होतं ते त्यांनीच.

महिना उलटला, दुसरा लागला. मग ते संध्याकाळी हंग हॉमच्या अंत्यविधीच्या सभागृहांकडे जाऊ लागले. पाटीवरची नावं वाचून काय उपयोग? ते दारातून आत डोकावून फोटो बघायचे. फोटो निराळा निघाला की सुटकेचा श्वास टाकायचे, आणि लगेच वाटायचं, म्हणजे अजूनही ठाऊक नाहीच. एकदा असे डोकावले, तर आत फक्त एक पांढऱ्या कपड्यातली बाई आणि तिच्याशेजारी एक तरुण. बाकी खुर्च्या मोकळ्या. तिथल्या माणसाने त्यांना पाहताक्षणी खणखणीत आवाज दिला, "पाहुणे आले! नमन!" आता मागे कसं फिरणार? मोक पुढे गेले आणि फोटोतल्या त्या अनोळखी, गुबगुबीत माणसापुढे तीनदा वाकले. घरच्यांनी उलट नमन केलं. बाई जवळ आली.

"तुम्ही बाबांचे...?"

"चहाचा मित्र," मोक यांच्या तोंडून निघून गेलं.

तिने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "बाबांना मित्र होते? आम्हाला कधी बोलले नाहीत हो! आम्हाला वाटायचं, एकटेच बसतात." ती रडू लागली. "बोलायचे तुमच्याशी?"

"खूप बोलायचे," मोक म्हणाले. "घोड्यांबद्दल."

रिवाजाप्रमाणे तिने त्यांच्या हातात पांढरं पाकीट दिलं, कडू प्रसंगावरची गोड गोळी घातलेलं. ती गोळी घरी न्यायची नसते, वाटेतच संपवायची असते. मोक रस्त्याच्या कडेला उभे राहून ती चघळत राहिले आणि ढसाढसा रडले. परक्या माणसासाठी ते आज तीनदा वाकले होते. आपल्या माणसासाठी कोण वाकलं असेल? खुर्च्या भरल्या असतील? की कोणी आलंच नसेल, आणि 'पाहुणे आले' असं म्हणायची वेळच आली नसेल? त्यानंतर ते हंग हॉमला गेले नाहीत.

हिंग वानमध्ये मात्र जात राहिले. ची-हांग दर रविवारी त्या हॉटेलात चला म्हणून विचारायचा. ते म्हणायचे, बाळ आलं की येईन, तोवर मला इथेच बसू दे. समोरच्या खुर्चीवर ते आपली टोपी ठेवत. कोणी येऊन "इथे कोणी आहे का?" विचारलं, की न बघता म्हणत, "आहेत. येतायत." लोक कुरकुरत निघून जात. भरल्या चहाघरात खुर्ची अडवून धरणं याहून वाईट वागणूक तिथे नव्हती, आणि एरवी लिनताईने अशा माणसाची चामडी लोळवली असती. ती काही बोलायची नाही. उलट कोणी हुज्जत घालू लागला तर, "ते म्हणाले ना येतायत? मग येतायत!" असं त्याच्याच अंगावर ओरडायची.

हिवाळा सरत आला, तेव्हाच्या एका सकाळी बाहेर गारठा मी म्हणत होता आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. काठी टेकत एक म्हातारी टेबलाटेबलाशी थांबत आली. सगळीकडून नकार घेत ती मोक यांच्यापुढे उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"इथे कोणी आहे का हो?"

मोक यांनी तोंड उघडलं. नेहमीचे शब्द जिभेवर होते. ते तिच्या काठीवरच्या हाताकडे बघत राहिले. तो हात थरथरत होता. पलीकडे लिनताई गाडी धरून थांबली होती.

"नाही," ते म्हणाले. "कोणी नाही. बसा."

त्यांनी टोपी उचलून मांडीवर घेतली. म्हातारी हुश्श करत बसली, चहा मागवला, पिशवीतून वर्तमानपत्र काढून तोंडासमोर धरलं. मोक यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "बाई, आपलं नाव काय?"

वर्तमानपत्र खाली आलं. म्हातारीने आधी पैशांची पिशवी पोटाशी ओढली आणि मग यांना नखशिखान्त न्याहाळलं. "काय करायचंय नावाशी? मला काही विकत घ्यायचं नाहीये, आधीच सांगते."

"काही विकत नाही मी. राहू दे, नका सांगू." मोक यांनी घसा खाकरला. "माझं नाव मोक कम-शिंग. मागच्या गल्लीत, माशांच्या दुकानावर राहतो. मुलाचं नाव ची-हांग. मी चार दिवस दिसलो नाही, तर..."

"तर काय?"

"तर काही नाही. नाव घेऊन कुणाला तरी विचारा. एवढंच."

"मला नाही हो नावं लक्षात राहत," म्हातारी म्हणाली, आणि तिने वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

मोक यांनी तिचा पेला भरला, आणि वर्तमानपत्राला ऐकू जाईल अशा आवाजात आपलं नाव पुन्हा एकदा सांगितलं.